आसनावर वाचलेली कादंबरी

दुसरबीड,
दि. १२ ऑगस्ट २०२४

चि. रेणुका हिस,
आत्याचे आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. पाय प्लास्टरमध्ये असताना पोस्टात कोणाला पिटाळलंस? प्रसेनजितलाच धाडलं असशील. बरं झालं, बायको पडली की घरात कामं किती असतात ते नवऱ्याला कळतं. तू शाळेच्या ग्रंथालयात शिडीवरून पडलीस हे ऐकून मला आधी घोर लागला आणि मग, खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटला. आपल्या घराण्यात आजवर माणसं बैलगाडीवरून पडली, निंबावरून पडली. पुस्तकाच्या मागे लागून पडलेली तू पहिलीच.

फोन करत जा, असं तू पुन्हा लिहिलंस. बाई, फोनवर मला नुसती गुणगुण ऐकू येते, आणि कानात मशीन घातलं तर माणसांपेक्षा भांडीच जास्त बोलतात. मेसेज कर म्हणशील, पण मेसेजमध्ये धड भांडता येत नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं.

आता तुझ्या कादंबरीविषयी. मी जुन्या ग्रंथांची माणूस. पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन करते, त्याला वर्षं झाली. जुनी कथा उचलून कोणी नवी कादंबरी लिहिली की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. त्यातून तू पाठवलीस ती त्या सार्थवाहाच्या मुलाच्या कथेवरची, म्हणजे माझ्या जिवाच्या कथेवरची. मूळ कथेत आहे काय? एकुलता मुलगा बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर व्यापाराला जातो तो परत येत नाही. आई वेशीवर बसून येणाऱ्या प्रत्येक तांड्याला विचारते. मग एक दिवस विचारायचं सोडते, सुनेला ‘तुझी वाट तू धर’ म्हणून निरोप देते, आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला पाणी पाजू लागते. संपलं. पानभर मजकूर. दर वेळी वाचताना वाटतं, लिहिणारानं मुद्दाम तोंड मिटून घेतलंय.

आणि तुझ्या ह्या लेखिकेनं त्या एका पानाची साडेतीनशे पानं केली! मी चुका काढायला पेन्सिल घेऊन बसले होते. पेन्सिल कुठं गेली मला कळलंच नाही. वेशीवरची धूळ, सुनेचा अबोला, सणाच्या दिवशी वाढलेलं रिकामं ताट. जुनी कथा म्हणजे वाळवलेला पापड म्हण, हिनं तो तळला आणि ताटभर झाला. आणि शेवट! सातव्या वर्षी मुलगा येतो, दाढी वाढलेला. आई त्याला ओळखत नाही, परका समजून पाणी देते. सून मात्र कोणाचं न ऐकता थांबलेली असते, ती उंबऱ्यातून त्याला ओळखते. तिथं मी रडले आणि वरण करपलं.

मग मला राहवेना. परवा विहारात मूळ कथा वाचून झाली आणि मी लगोलग कादंबरीचं शेवटचं प्रकरण काढलं. त्याच आसनावर बसून, त्याच चौरंगावर ठेवून, त्याच सुरात वाचलं. संपल्यावर मंडळींनी तीनदा ‘साधु’ म्हटलं ते इतक्या मोठ्यानं की माझ्या कानांनाही ऐकू आलं. महामाया खांबाला टेकून डोळे पुसत होती. तिला तो शेवट लागणारच. तिचा रवी सुरतेला कामाला म्हणून गेला त्याला चार वर्षं झाली, ना चिठ्ठी ना चपाटी. तरी त्या माउलीनं सुनेला, छायाला, लेकीसारखं सांभाळलं, कोर्टातून फारकत करून दिली, आणि तू सुचवलेल्या दीपकच्या स्थळाला स्वतः होकार दिला. अशी सासू दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही. छायाचं लग्न झालं की माझ्या जिवाला बरं वाटेल.

पाय हलवू नकोस. पुढची कादंबरी असेल तर पाठव. लोभ आहेच, तो पाय बरा झाल्यावरही राहू दे.

तुझी,
सिंधूआत्या

---

चिखली,
दि. २० ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
रेणुकाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी प्रसेनजितला मोठ्यानं वाचून दाखवलं. इतकी वर्षं मी तुझ्याशी भांडत आले की जुन्या ग्रंथाचा मान नव्या पुस्तकानं कमी होत नाही, उलट वाढतो. आणि तू ‘अभिजात ते अभिजात’ म्हणत पदर झटकून उठायचीस. आता तुझं वरण करपलं, म्हणजे मी जिंकले. तळलेल्या पापडाचं वाक्य मी शाळेच्या फळ्यावर लिहिणार आहे, खाली तुझं नाव घालून.

पण आत्या, एक विचारू का? वाचण्याआधी ‘ही कादंबरी आहे, ग्रंथातलं नाही’ असं तू सांगितलंस ना? पत्रात तसं कुठं दिसलं नाही. तू सांगितलंच असशील, मी आपली उगाच शंका काढते आहे. दिवसभर खाटेवर पडून माणसाला शंकाच सुचतात.

शंकेला कारणही आहे. रविवारी दीपक आणि त्याचा मोठा भाऊ हिंमतराव बोलणी पक्की करायला दुसरबीडला यायचे होते. आदल्या दिवशी महामायाकाकूंचा निरोप आला की सध्या येऊ नका. कारण काही नाही. मी छायाला फोन लावला तर ती हो-नाही एवढंच बोलली. दीपक शांत आहे. बायको तापानं गेल्यापासून तो तसाही कमीच बोलतो. दुकानात जळालेल्या पंपाच्या मोटारींना तार भरत बसतो आणि काही विचारलं की हसतो. हिंमतराव मात्र तापट गडी. त्यांनी प्रसेनजितला सांगितलं की अश्विन पौर्णिमेपर्यंत उत्तर आलं तर ठीक, नाहीतर हिवरा आश्रम गावाकडचं एक स्थळ आलेलं आहे, तिकडं बघू. हे स्थळ मी जमवलं, आत्या. फिसकटलं तर दोन्हीकडं तोंड दाखवायची मला सोय नाही.

महामायाकाकूंना सहज विचारून बघ. काळजी वाटते म्हणून लिहिलं, राग मानू नकोस.

तुझी लाडकी आणि लंगडी,
रेणुका

---

दुसरबीड,
दि. २९ ऑगस्ट २०२४

चि. रेणुका हिस,
आशीर्वाद, जयभीम. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही सांगितलं.

सांगायचं सुचलं नाही असंही नाही. तोंडावर आलं होतं. पण सांगितलं असतं तर लोकांनी ‘कोणीतरी रचलेलं’ म्हणून ऐकलं असतं, पाय ताणून, जांभया देत. मला ते जितकं खरं वाटलं तितकं त्यांनाही वाटावं असा मोह झाला. वाचणाराला असा मोह होतो, तुला कळेल.

काल महामायाकडे गेले होते. रेणुका, तिनं लग्नाला नाही म्हटलंय. आणि कारण काय सांगते? ग्रंथातच लिहून आहे म्हणते, सातव्या वर्षी पोरगा येते. सून थांबली म्हणून तो आला म्हणते. हे ती माझ्या कानाशी तोंड आणून, मलाच, मोठ्या आवाजात सांगत होती! छाया बाजूलाच शिलाई मशीनवर कोणाचा तरी ब्लाऊज शिवत होती. मी तिच्याकडे वळले तर ती एवढंच म्हणाली की आई नाही म्हणते तर नाही. पाय मशीनवर चालूच. त्या पोरीनं निदान आदळआपट करायला हवी होती. तिनं मला चहा करून दिला, माझ्या मापाचा, कमी साखरेचा.

आता मी काय करू ते तूच सांग. विहारात आसनावरून वाचलेलं म्हणजे ग्रंथातलं, असं सगळे समजतात, आणि समजावंच. त्या आसनावरून मी उठून सांगू की मी तुम्हाला कथाकादंबरी ऐकवली? आपले अध्यक्ष जानराव शिस्तीचे. वाचन माझ्याकडून काढून घेतील आणि त्या मोबाइलमधून वाचणाऱ्या पोराला देतील. मला फोन नाही, गप्पा नाहीत, टीव्ही कळत नाही. संध्याकाळचं ते वाचन तेवढं आहे. हे झालं माझं. आणि महामायाचं? चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर तेज दिसलं. ते मी कसं पुसू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

झोप लागत नाही. उत्तर लवकर दे.

तुझी,
आत्या

---

चिखली,
दि. ४ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

आत्या, सांगून टाक. पत्र हातात पडेल त्याच संध्याकाळी सांग. मी पार्सलात चिठ्ठी टाकली होती की लोकांनाही वाचून दाखव, तेव्हा अर्धा दोष माझ्या नावावर घाल. हवं तर जानरावकाकांना सांग की भाचीनं बिघडवलं.

मी छायाशी बोलले. ती आधी काही सांगेना. मग मी गप्प राहिले, आणि मी गप्प राहिले की समोरचा बोलतो हे तुझ्याकडूनच शिकले. दीपक पहिल्यांदा बघायला आला तेव्हा त्यानं तिला स्वयंपाक येतो का, हे विचारलं नाही म्हणे. चिखलीला आल्यावर शिवणकाम चालू ठेवाल का, आणि दुकानाच्या शेजारचा गाळा रिकामा आहे तो चालेल का, एवढं विचारलं. हे सांगताना तिचा आवाज बदलला. माणूस मनातून कधीच त्या गाळ्यात जाऊन बसलेलं आहे, आत्या. पण ती म्हणते, ज्या बाईनं मला फारकतीच्या प्रत्येक तारखेला हात धरून कोर्टात नेलं, तिला मी वाईट बनून सोडून जाणार नाही.

तुझ्या लेखिकेची ती सून सातव्या वर्षापर्यंत थांबली, कारण लेखिकेला शेवटचं प्रकरण लिहायचं होतं. छायानं कोणाच्या प्रकरणासाठी थांबायचं? मला ती कादंबरी अजूनही आवडते. पण छायाला तिच्या पायी बसवून ठेवायचं असेल तर मला ती नको.

प्रसेनजित म्हणतो, तुझ्या आत्याला मी ओळखतो, ती वाचन सोडणार नाही. त्याला खोटं पाड.

तुझी,
रेणुका

---

दुसरबीड,
दि. १३ सप्टेंबर २०२४

चि. रेणुकास,
आशीर्वाद. वि. वि.

जावयाला सांग, आत्यानं वाचन सोडलेलं नाही आणि हातपायही गाळलेले नाहीत. मी एक युक्ती केली.

सोमवारी मूळ कथा पुन्हा वाचली. ‘तुझी वाट तू धर’ ह्या ओळीवर थांबले, ती तीनदा म्हटली. मग त्यावर बोलले, की बघा, अडीच हजार वर्षांपूर्वीची सासू, पण सुनेला अडवत नाही, केवढं मन. मंडळींनी माना हलवल्या. महामायानंही हलवली. मला वाटलं, जिंकलं. बाहेर चपला घालताना ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली की ती आधीची गोष्ट, बाई. पुढं सातव्या वर्षाचं आहेच की, तेही वाचा ना एकदा.

म्हणजे मी ग्रंथाला कादंबरीचं ठिगळ लावलं, आणि आता ते ठिगळच खरं कापड झालं. मूळ ग्रंथातली ओळ तिच्यासाठी नुसती ‘आधीची गोष्ट’ झाली. माझ्या हातून हे व्हावं! मी, जी लोकांच्या पुस्तकांत पेन्सिलीनं चुका काढत फिरते.

तू ‘सांगून टाक’ असं एका शब्दात लिहितेस. तिथं चिखलीला खाटेवर पडून सोपं आहे. इथं मला तिच्या डोळ्यांत बघून सांगायचंय की तुझा पोरगा येणार असं कुठंही लिहिलेलं नाही. हे आईला सांगायचं वाक्य आहे का? कुठल्या तोंडानं सांगू? थोडा वेळ दे. वर्षावास संपला की बघते.

पायाला खाज सुटत असेल तर लाकडी पट्टी आत घालू नकोस, जखम होते.

आत्या

---

चिखली,
दि. १९ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
जयभीम.

वर्षावास संपतो अश्विन पौर्णिमेला. हिंमतरावांची मुदतही तीच. हे तुला ठाऊक होतं, तरी तू तसं लिहिलंस.

काल दीपक घरी आला होता. म्हणाला, वहिनी, त्या माउलीला त्रास होत असेल तर राहू द्या. मी थांबायला तयार आहे, पण दादा थांबणार नाहीत आणि दादांचं मी मोडू शकत नाही. मग पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त करून गेला, न सांगता.

तू रागावशील, पण लिहिते. महामायाकाकूंची आशा पुसायची भीती तुला आहे, हे मी मानते. पण त्या भीतीच्या आडून तू आसनही सांभाळते आहेस. माझ्या आत्यानं मला लहानपणी शिकवलं होतं की वाचलेलं अंगी लागलं नाही तर माणूस आणि कपाट सारखंच. ती आत्या कुठं आहे?

चुकलं असेल तर कान धर, पण आधी सांग.

रेणुका

---

दुसरबीड,
दि. ३० सप्टेंबर २०२४

चि. रेणुका हिस,
आत्याचे खूप खूप आशीर्वाद, जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्याशी मनात भांडले. तिसऱ्या दिवशी भांडण हरले आणि विहारात गेले.

आसनावर बसले नाही, बाजूला उभी राहिले. कादंबरी हातात धरून तिचं मुखपृष्ठ सगळ्यांना दाखवलं आणि सांगितलं की सातव्या वर्षी मुलगा परत आल्याचं मी वाचलं ते ह्या पुस्तकातलं. एका लेखिकेनं आपल्या मनानं लिहिलेलं. ग्रंथात तो परत येत नाही. मी ते ग्रंथासारखं वाचलं ही माझी चूक, आणि ती मी हौसेपायी केली. साधु कोणी म्हणालं नाही. जानराव उठले. बरंच बोलले, मला थोडंच ऐकू आलं, पण हात ज्या तऱ्हेनं हलत होते त्यावरून बाकीचं समजलं. मागून कोणी बाई विचारत होती की त्या पुस्तकात पुढं काय होते. तिला शेजारणीनं गप्प केलं.

मी महामायाकडे बघायचं टाळत होते. शेवटी बघितलं तर ती जागेवरून उठून माझ्याकडे येत होती. मला वाटलं, आता ही सगळ्यांदेखत बोलणार. तिनं माझा दंड धरला, मला पिंपळाखालच्या ओट्यावर नेलं आणि माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून म्हणाली, “बाई, मले त्याच दिवशी समजलं होतं. ग्रंथात गेलेला कोणी परत येत नसते. इतके वर्सं ऐकून राह्यली मी, एकबी नाही आला.”

मी विचारलं, मग लग्नाला नाही काऊन म्हणालीस?

तर म्हणाली, “छाया गेल्यावर सांजच्याले घरात कोण हाय मले? लोकायले सांगाले काहीतरी पाहिजे होतं. ते तुम्ही देल्लं.”

रेणुका, मी आजवर इतकं वाचलं, पण असं काही वाचल्याचं आठवत नाही. मी महिनाभर तिची आशा मोडायला भीत होते, आणि ती बाई आशेवर नव्हतीच. ती नुसती एकटी पडायला भीत होती, जशी मी वाचन जायला भीत होते. आम्ही दोघी तिथं बसून रडलो. ऐकू येत नसल्यामुळे मी जरा मोठ्यानंच रडले असेन, कारण छाया धावत आली. महामायानं तिला जवळ बसवलं आणि माझ्याच देखत सांगितलं की दीपकच्या भावाले येऊ दे. छाया तिच्या मांडीत डोकं घालून बराच वेळ उठली नाही.

तेव्हा हिंमतरावांना कळव. मुदतीच्या आत कळव म्हणजे त्यांना रागवायला जागा राहणार नाही. दीपकनं म्हणे महामायालाही चिखलीला येऊन राहा असा निरोप दिला होता. ती हसली. लेकीच्या घरी पाहुणी म्हणून जाईन म्हणाली, बिऱ्हाड घेऊन नाही.

माझं वाचन यंदापुरतं बंद. जानरावांनी ते त्या मोबाइलवाल्या पोराला दिलंय. चांगला वाचतो, थोडी घाई करतो. मी पुढच्या रांगेत बसते आणि त्याच्या ओठांकडे बघते. वाईट वाटतं, पण झोप लागते.

तुझ्या शेवटच्या पत्राचा राग नाही. ते मी जपून ठेवणार नाही एवढंच. तुझ्यावरचा लोभ मात्र त्या पत्रामुळे वाढला.

तुझी,
सिंधूआत्या

---

दुसरबीड,
दि. २१ नोव्हेंबर २०२४

चि. रेणुका हिस,
आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

लग्नात तू काठी टेकत मिरवलीस ते पाहून समाधान झालं. जेवणावळीत हिंमतराव मला तीनदा वाढायला आले. तापट माणसं जेवण छान वाढतात. छाया आता तुमच्या चिखलीची झाली. तिच्या गाळ्याकडे जाताना येताना लक्ष ठेव, पण रोज जाऊन तिचा वेळ खाऊ नकोस.

तू विचारलंस, महामाया कशी आहे. पहिल्या संध्याकाळी मीच माझं ताट झाकून तिच्याकडे नेलं. आता एक दिवस ती माझ्याकडे, एक दिवस मी तिच्याकडे. ती कानाशी ओरडून बोलते, त्यामुळे आमच्या गप्पा अर्ध्या गल्लीला ऐकू जातात आणि गल्ली खूश आहे.

काल जेवणं झाल्यावर तिनं कादंबरी आणायला सांगितली. मी म्हटलं, ग्रंथ आणते. नको म्हणाली, ते दाढीवाल्या पोराचंच वाचा. मी तिच्याकडे बघितलं. ती शांत होती, म्हणून वाचलं. मुलगा वेशीत येतो, आई परका समजून पाणी देते, इथवर आले तर तिनं पुस्तकावर हात ठेवला. लिहिणारी चुकली म्हणाली, “आईले पाठमोरा बी वळखू येते.”

मी म्हटलं, मग तूच सांग कसं ते.

आणि रेणुका, ती सांगू लागली. पोरगा दुसरबीडच्या फाट्यावर उतरतो, पिशवी खांद्यावर. उन्हं कललेली. शेजारचे बघतात पण कोणी बोलत नाही. ती अंगणात दळण निवडत असते, मान वर न करताच तिला कळतं. असं बरंच सांगितलं, खोकत, थांबत, चुकलेलं दुरुस्त करत. कोण्या लेखिकेनं तरी इतकं मन लावून सांगितलं असेल का, मला माहीत नाही. मी तिच्या ओठांवरची नजर काढली नाही. पोरगा उंबऱ्याशी येतो आणि छाया कुठं आहे म्हणून विचारतो, तिथं ती थांबली. मला वाटलं, आता हिला पुढं सांगवणार नाही. मीच हात धरायला पुढं झाले.

तर तिनं माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, “मी सांगीन त्याले, छाया चिखलीले हाय, सुखात हाय, तिच्याकडं जाजो नको. तू हातपाय धू अन् जेवाले बस.”

पायाची काळजी घे. आम्हा दोघींवरचा लोभ आता एकाच पत्रात लिहीत जा, पुरेल.

तुझी,
सिंधूआत्या